शेपटी वाचवावी की कापावी?

मांजराच्या शेपटीला मोठी जखम झाली, की पालकापुढे बहुधा दोनच वाटा उरतात. एक म्हणजे नियमित मलमपट्टी करून शेपटी टिकवायची आणि दुसरी म्हणजे शस्त्रक्रिया करून जखमी भाग काढून टाकायचा. आमच्या चिंगीसाठी मी दोन्हींचा विचार केला, पहिली वाट बरीचशी चालून पाहिली आणि शेवटी दुसरीकडे वळलो. त्यामुळे हा आढावा अगदी तटस्थ असेल, अशी अपेक्षा वाचकांनी ठेवू नये.

दोन प्रकारच्या मांजरांना मात्र हा प्रश्न या स्वरूपात पडत नाही. जन्मतःच शेपटीला गाठ किंवा वाक असेल, तर सहसा काहीच करावे लागत नाही. आग्नेय आशियातल्या मांजरांत तर अशी आखूड, मुडपलेली शेपटी सर्रास दिसते आणि ती मांजरे सुखाने जगतात. अपवाद आइल ऑफ मॅन बेटावरच्या मँक्स मांजरांचा. त्यांच्यात शेपटी नाहीशी करणारा जनुकीय दोष कधीकधी पाठीच्या कण्याच्या शेवटच्या भागालाही बाधतो आणि अशा पिल्लांचा लघवी-शौचावर ताबा राहत नाही. म्हणून बिनशेपटीचे पिल्लू घरात आणताना त्याची मागची बाजू कोरडी आणि स्वच्छ राहते का, एवढे अवश्य पाहावे.

दुसरा प्रकार गंभीर आहे. गाडीच्या चाकाखाली, दारात किंवा कोणाच्या हातात शेपटी अडकली आणि मांजराने जिवाच्या आकांताने उडी मारली, तर हिसका शेपटीच्या बुडाशी बसतो आणि तिथून जाणाऱ्या मूत्राशयाच्या व गुदद्वाराच्या नसा ताणल्या जातात. बाहेरून रक्ताचा थेंब दिसत नाही. शेपटी तेवढी निर्जीव लोंबत राहते. अशा वेळी शेपटीआधी लघवीची काळजी करावी. शेपटीच्या बुडाशी संवेदना शिल्लक असेल तर मूत्राशय पूर्ववत होण्याची आशा बरीच असते, आणि तोपर्यंत डॉक्टरांकडून शिकून घेऊन दिवसातून दोन-तीनदा हाताने पोट दाबून लघवी काढावी लागते. साधारण महिनाभरात ताबा परत आला नाही, तर पुढे तो येण्याची शक्यता कमी होत जाते. लोंबणारी शेपटी विष्ठेत भरू लागली, की ती कापणेच श्रेयस्कर ठरते; तिथे तुलनेला फारसा वाव नाही.

खरा पेच पडतो तो शेपटीच्या मधल्या किंवा टोकाकडच्या दुखापतीत. इथे पट्टीच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. भूल टळते, एकरकमी खर्च टळतो आणि मांजराचा आकार जसाच्या तसा राहतो. शेजारच्या काकूंच्या बोक्याची शेपटी टोकापासून चार बोटांवर मोडली होती, पण कातडी शाबूत होती. डॉक्टरांनी वेदनाशामक औषध देऊन त्याला घरात कोंडून ठेवायला सांगितले, एवढेच. हाड वाकडे जुळले आणि बोक्याला त्याचे काडीचेही सोयरसुतक नाही. कातडी न फाटलेल्या अस्थिभंगात शस्त्रक्रियेची घाई करू नये, असे माझेही मत आहे.

चिंगीची गोष्ट वेगळी होती. तिची कातडी एका बाजूने सोलली जाऊन खालचा भाग उघडा पडला होता. शेपटीवर मांस थोडे आणि कातडी बेताची, त्यामुळे उघडा पडलेला भाग झाकून घ्यायला आजूबाजूची कातडी पुरत नाही. जखम कडेकडेने, अत्यंत संथपणे भरते. तरीही ती भरली असती, असे मला आजही वाटते. अडले ते पट्टीपाशी.

मांजराच्या शेपटीवर पट्टी टिकत नाही. शेपटी टोकाकडे निमुळती होत जाते, वरून मऊ केस, आणि ती क्षणभरही स्थिर नसते. गाजरावर चढवलेल्या बांगडीसारखी पट्टी हळूहळू खाली सरकते आणि सकाळी सोफ्याखाली जशीच्या तशी गोल नळी सापडते. घट्ट बांधावी, तर रक्तपुरवठा तुटून पट्टीखालचा भाग काळा पडण्याची भीती. स्वतःलाच चिकटणारी रंगीत पट्टी मिळते, ती जरा बरी, परंतु तीही लघवीने भिजते आणि लिटरचे, म्हणजे मांजराच्या शौचपेटीतले, खडे तिला चिकटून बसतात. (लिटरऐवजी फाडलेले वर्तमानपत्र वापरल्याने हा त्रास निम्म्याने तरी कमी झाला.) पट्टी बदलताना एकाने मांजर टॉवेलमध्ये गुंडाळून धरायचे आणि दुसऱ्याने वाळून चिकटलेले गॉज सलाइनच्या पाण्याने भिजवून सोडवायचे, म्हणजे घरात कायम दोन माणसे हवीत. पण निर्णायक ठरले ते याहून वेगळे कारण. चिकटपट्टी फाडल्याचा आवाज ऐकू आला, की चिंगी कपाटावर चढून बसू लागली; पुढे माझ्या हातात कुरिअरचे खोके दिसले तरी ती पळू लागली. तोवर रोज रात्री पायाशी झोपणारी मांजरी मला टाळू लागली, आणि हे अजून किती आठवडे चालेल याचे खात्रीचे उत्तर कोणाकडेच नव्हते.

त्यात पावसाळा. उघड्या जखमेवर माशी बसली, तर अंड्यांतून 24 तासांच्या आत अळ्या बाहेर पडू शकतात. ज्यांचे मांजर बाहेर हिंडते, त्यांनी जून ते सप्टेंबरमध्ये पट्टीची वाट निवडण्याआधी याचा नीट विचार करावा. घरगुती उपायही इथे घातक ठरतात. डेटॉल आणि टर्पेंटाइन मांजराला विषारी असतात, आणि माणसाची पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा त्याचा जीव घेऊ शकते.

शस्त्रक्रियेच्या बाजूने मुख्य मुद्दा हा, की तिला शेवट असतो. भुलीची जोखीम आहेच, आणि मांजर वयस्क असेल किंवा त्याची मूत्रपिंडे अशक्त असतील तर ती वाढते. त्यामुळे आधी रक्त तपासून घ्यावे आणि भूल इंजेक्शनची की गॅसची, हेही विचारावे. त्यानंतर साधारण 10 ते 14 दिवसांत टाके निघतात. तेवढे दिवस गळ्यातला प्लास्टिकचा कोन चुकत नाही, आणि त्याचा जाच मी कमी लेखणार नाही, कारण कोन घातलेल्या मांजराला खोलगट वाटीतून खाता येत नाही आणि दाराच्या चौकटीचा अंदाज चुकतो. अन्न सपाट ताटलीत दिले की पहिला प्रश्न सुटतो. मात्र या काळात मला जखमेला हात लावावा लागला नाही, फक्त लांबून पाहावे लागले, आणि माझ्या दृष्टीने हा फरक खर्चाच्या फरकापेक्षा मोठा होता.

तोल जाईल, उड्या मारता येणार नाहीत, ही शंका प्रत्येक जण काढतो. आमच्या अनुभवात ती टिकली नाही. कोन निघाल्यावर चिंगी लवकरच फ्रीजवर होती. राहिलेल्या तुकड्यावर केस उगवल्यावर पाहुण्यांना ती जन्मतःच तशी वाटू लागली. गमावले म्हणाल तर शेपटीची भाषा गमावली. ती रागावली आहे हे आता कानांवरून ओळखावे लागते, आणि दुसऱ्या मांजरांनाही ते थोडे उशिरा कळत असावे.

ज्यांची जखम लहान आहे, मांजर स्वभावाने मवाळ आहे आणि घरात दिवसभर कोणीतरी असते, त्यांनी डॉक्टरांच्या देखरेखीखाली पट्टी करून पाहण्यास काहीच हरकत नाही. टोक गार पडले, काळवंडले, वास येऊ लागला किंवा मांजर शेपटी स्वतःच चावू लागले, तर मात्र थांबू नये. शस्त्रक्रिया ठरलीच, तर शेपटी जखमेच्या अगदी काठावर कापणार की थोडी वर, निरोगी भागात, हे आधी विचारून घ्यावे. शेपटी लांब राहावी म्हणून काठावर कापली आणि टाके ताणले गेले, तर ते उसवतात आणि पुन्हा भूल द्यावी लागते. त्याच भुलीत नसबंदीही उरकावी, असे अनेकांना वाटते. पण जखम चिघळलेली असताना डॉक्टर त्याला सहसा तयार होत नाहीत, आणि तिथे त्यांच्याशी हुज्जत घालू नये.