जगातल्या सुट्ट्या आणि जुन्या पॉप गाण्यांचं रोज पान फाडायचं कॅलेंडर २०२६: घ्याच, पण शनिवार-रविवारची तयारी ठेवा

कॅलेंडर मस्त आहे, घ्या. हे आधीच सांगून टाकते कारण पुढे तक्रारी पण आहेत.

लंडनच्या मावसबहिणीने पाठवलंय, टेबलावर ठेवायचं, रोज एक पान फाडायचं. पानावर आज जगात कुठे सरकारी सुट्टी आहे ते, जुन्या इंग्रजी पॉपमध्ये या तारखेला काय घडलं ते आणि खाली एक छोटासा विनोद. आमच्या आईला तर नादच लागलाय, सकाळी चहा घेताना विचारते आज कुणाला सुट्टी गं, मी म्हटलं न्यूझीलंडला, तर म्हणे मग ऊठ, आपल्याला नाहीये.

खरी मजा येते ती सुट्टी आणि गाणं एकाच पानावर भेटतात तेव्हा. जानेवारीतला तिसरा सोमवार घ्या, अमेरिकेत मार्टिन ल्यूथर किंग डे, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढलेल्या नेत्याच्या नावाची सुट्टी. ही सुट्टी मिळावी म्हणून गायक स्टीव्ही वंडरने १९८० च्या अल्बममध्ये हॅपी बर्थडे गाणं केलं, वॉशिंग्टनला सभा घेतली, मग १९८३ ला राष्ट्राध्यक्ष रेगननी कायद्यावर सही केली आणि १९८६ पासून सुट्टी सुरू झाली. आपण वाढदिवसाला जे टुकूटुकू गातो ते नाही हां, हे वेगळं, आणि नाचायला लावणारं!! ऐकलं नसेल तर आजच ऐका.

६ फेब्रुवारीचं पान पण सुंदर. न्यूझीलंडचा वायटांगी डे, म्हणजे १८४० मध्ये माओरी प्रमुख आणि ब्रिटिशांचा करार झाला तो दिवस, आणि त्याच तारखेला १९४५ ला रेगे संगीताचा जमैकन गायक बॉब मार्लीचा जन्म, त्यामुळे तिकडे सुट्टीला रेगे वाजतं. आपल्याला ही तारीख लतादीदी गेल्या त्याची, ते पानावर नव्हतं, आईने पेनाने लिहिलं.

पुढची पानं चाळलीच मी, राहवतं कुठे. १८ जूनला आबा (ABBA) या स्वीडिश बँडचं डान्सिंग क्वीन गाणं, स्वीडनच्या राजाच्या लग्नाच्या आदल्या दिवशी १९७६ ला तिथल्या कार्यक्रमात गायलं होतं त्याला ५० वर्षं. आणि यंदा दुसऱ्याच दिवशी, १९ ला, स्वीडनमध्ये मिडसमर ईव्ह, म्हणजे उन्हाळ्याचा सण, सगळा देश फुलांचे मुकुट घालून नाचणार, एवढा छान योग जुळून आलाय.

आता तक्रार. शनिवार-रविवार मिळून एकच पान दिलंय. यंदा १ ऑगस्ट शनिवारी (गाण्यांचं चॅनल एमटीव्ही १९८१ ला याच दिवशी सुरू झालं, स्वित्झर्लंडचा राष्ट्रीय दिवस पण हाच), ८ ऑगस्ट शनिवारी (बीटल्स बँडच्या अल्बमच्या कव्हरवरचा, लंडनच्या ॲबी रोडवरचा झेब्रा क्रॉसिंगचा फोटो काढला तो दिवस, १९६९), २९ ऑगस्ट मायकल जॅक्सनचा वाढदिवस तो पण शनिवारी, ५ सप्टेंबर क्वीन बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरीचा, पुन्हा शनिवार! वर्षातला सगळा मलई माल अर्ध्या अर्ध्या पानात कोंबलाय आणि जपानच्या माउंटन डेला, मंगळवार म्हणून, अख्खं पान. डोंगर चांगला आहे हो, पण मायकलपेक्षा मोठा?

आणि फ्रेडीच्या पानावर झांझिबारचा जन्म आहे, लंडन आहे, पाचगणी कुठेच नाही. अहो, तो पोरगा आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला, पहिला बँड द हेक्टिक्स तिथेच काढला, एवढं तरी लिहायचं ना. मायकलचा अंधेरीचा शो पण नाही, १ नोव्हेंबर १९९६, यंदा ३० वर्षं होतील. मुंबईकर माणसाला हे टोचतं.

ईद पण एकच तारीख छापून मोकळे, चंद्र दिसण्यावर आहे अशी ओळ टाकायला काय झालं होतं.

कागद जाड आहे, पान फाडताना कडेला फाटत नाही, मागची बाजू कोरी आहे त्यामुळे वाणसामानाची यादी आता त्यावरच. जुन्या गाण्यांची आवड असणाऱ्या काका-मामाला वाढदिवसाला द्यायला एकदम बेस्ट. पाचपैकी चार स्टार, पाचवा शनिवार-रविवारची पानं वेगळी केली की देईन, किंमत थोडी वाढवा हवं तर.