बांधावरची बाभूळ, अंगणातला लिंब: पोल सॉ घेताना नेमकं काय पाहायचं

लिंबाची (कडुलिंबाची) फांदी आखाड्याच्या, म्हणजे शेतातल्या घराच्या, पत्र्यावर टेकली किंवा बाभळीची डहाळी ट्रॉलीतल्या कडब्याला घासू लागली, की आधी झाडावर चढणारा माणूस शोधावा लागायचा. आता तो मिळत नाही, मिळाला तरी काट्यात शिरायला तयार होत नाही. म्हणून पोल सॉची मागणी वाढली आहे. लांब दांडा आणि त्याच्या टोकाला 6 ते 12 इंची पट्टीची (जिच्याभोवती चेन फिरते ती) छोटी चेनसॉ, एवढंच हे मशीन. मोंढ्यातल्या शेती अवजारांच्या दुकानांत आणि ऑनलाइन ते चार तऱ्हांत मिळतं: बॅटरीचं, वायरचं, ग्रास कटरला जोडायचं आणि स्वतःच्या इंजिनाचं.

दुकानदार सीसी आणि व्होल्ट सांगतो. पण खरेदी फसते ती दोन वेगळ्याच गोष्टींत: दांड्याच्या टोकाला वजन किती आहे, आणि त्या मापाची चेन-पट्टी आपल्या बाजारात मिळते का.

वजनाचं आधी. भरलेली बादली हातात धरणं वेगळं आणि काठीच्या टोकाला अडकवून धरणं वेगळं. मोटर टोकाला असलेल्या बॅटरी मशीनचं एकूण वजन 4 किलोच असतं, पण त्यातले दोन-अडीच किलो हातापासून अडीच मीटरवर लोंबतात. पेट्रोल मशीन 7 किलोंचं असलं तरी इंजिन मागे, कमरेजवळ असतं आणि खांद्यावरचा पट्टा बराच भार घेतो. त्यामुळे अर्धा तास काम केल्यावर कधी कधी हलक्या मशीनवालाच आधी थकतो. दुकानात मशीन आडवं उचलून पाहू नका. दांडा पूर्ण लांब करा, टोक छताकडे धरा आणि दोन मिनिटं तसंच उभे राहा. दांड्याच्या सांध्यात किती खेळ आहे, टोक किती डुलतं, हे लगेच कळतं. टोक डुलणारं मशीन फांदीवर नीट बसत नाही, खाच वाकडी जाते आणि पट्टी अडकते.

उंचीच्या जाहिरातीत हातचलाखी असते. ‘15 फूट पोहोच’ म्हणजे दांडा 15 फुटांचा नव्हे, त्यात माणसाची उंचीही धरलेली असते. दांडा जमिनीशी 60 अंशांपेक्षा जास्त उभा धरायचा नाही, कारण मग कापलेली फांदी थेट डोक्यावर येते. 60 अंशांवर 2.8 मीटरचं मशीन साधारण साडेतीन मीटरपर्यंत पोहोचतं आणि 4 मीटरचं साडेचार मीटरपर्यंत. अंगणातला लिंब, शेवगा, गुलमोहर यांना पहिलं पुरतं. जुन्या चिंचेच्या किंवा गावरान आंब्याच्या वरच्या फांद्यांना दुसरंही पुरत नाही. तिथे शिडीवर उभं राहून पोल सॉ चालवण्याचा मोह होतो. तो आवरावा, कारण फांदी सुटल्यावर दांड्याचा तोल अचानक बदलतो आणि शिडीवर पाय सावरायला जागा नसते.

बॅटरीच्या मशीनमध्ये सगळ्यात जास्त फसवणूक आहे. डब्यावर ‘48 व्हीएफ’, ‘88 व्हीएफ’ असे आकडे छापलेले असतात. ते व्होल्ट नव्हेत. आत 3.6 व्होल्टचे पाच सेल ओळीने जोडलेले असतात, म्हणजे 18 व्होल्ट, पूर्ण चार्ज झाल्यावर 21. बॅटरीत ऊर्जा किती मावते हे मोजायचं तर व्होल्ट गुणिले अँपिअर-तास करा. 18 व्होल्ट आणि 4 अँपिअर-तास म्हणजे 72 वॉट-तास. कापताना मोटर 500 वॉट ओढत असेल, तर सलग कापणी नऊ मिनिटांच्या आतच संपते. प्रत्यक्षात चेन थांबून थांबून चालते, म्हणून मनगटाएवढ्या पंधरा-वीस फांद्या एका चार्जमध्ये निघतात. बाभूळ वाळकी असेल तर त्याच्या निम्म्याच धरा. अशी मशीनं बहुधा 6 ते 8 इंची मिनी चेनसॉला दांडा जोडून विकलेली असतात. ट्रिगरची वायर दांड्याच्या सांध्यातून जाते आणि पहिल्यांदा तिथेच तुटते.

36 व्होल्टची कंपनीची मशीनं वेगळ्या जातीची आहेत. श्टीलचं एचटीए 50 हे त्यातलं लहान मॉडेल: लांबी 2.8 मीटर, बॅटरीशिवाय वजन 3.6 किलो, पट्टी 25 सेंटिमीटरची. बॅटरी मागे बसते, त्यामुळे तोल बरा साधतो. लातूर-नांदेडच्या कॉलनीतल्या बंगल्याला, शाळेच्या आवाराला हे बरोबर आहे. मात्र बॅटरी आणि चार्जर किमतीत धरलेत की वेगळे, ते बिलाआधी विचारा. मॉडेल तेच आणि किमतीत मोठा फरक असेल, तर कारण सहसा हेच असतं.

मे महिन्यातल्या उन्हात बॅटरीचा अंत पाहिला जातो. पत्र्याच्या खोलीत ठेवलेली बॅटरी हाताला चटका देत असेल तर ती चार्जला लावू नये. 45 अंशांवर चार्जिंग लिथियम सेलना मारक असतं, आणि चांगला चार्जर अशा वेळी स्वतःच नकार देतो. तो बिघाड समजू नका. माठाजवळच्या सावलीत अर्धा तास ठेवा आणि मग लावा.

वायरच्या मशीनबद्दल थोडक्यात: 700-750 वॉटची मोटर, किंमत कमी, वजन टोकाला. घराजवळ, स्थिर व्होल्टेज असेल तरच. शेतातल्या पडक्या व्होल्टेजवर मोटर तापते, आणि आपलीच वायर आपणच कापण्याची भीती कायम असते.

शेतकऱ्यासाठी खरा विचार तिसऱ्या प्रकाराचा करावा. ज्याच्याकडे ग्रास कटर आहे, त्याला पोल सॉचं फक्त पुढचं मुंडकं (चेन, पट्टी आणि गिअरचा भाग) घेता येतं. खर्च पूर्ण मशीनच्या तुलनेत फारच कमी. पण माप जुळलं पाहिजे. आपल्याकडच्या ग्रास कटरचा पाइप 26 किंवा 28 मिलिमीटरचा असतो आणि आतल्या शाफ्टला 7 किंवा 9 दाते. दोन्ही मापं बरोबर लागतात. पाइप बसला आणि दाते जुळले नाहीत, तर गिअर पहिल्याच दिवशी खरवडतो. ग्रास कटरचं जुनं मुंडकं काढून सोबत न्या, दुकानात बसवून पाहा. फोटो पाठवून ऑर्डर देणाऱ्यांचेच पार्सल परत जातात.

आणखी दोन गोष्टी. ग्रास कटरचं सायकलसारखं हँडल पोल सॉला चालत नाही, दांडा उचलला की ते छातीला आडवं येतं. गोल हँडल बसवून घ्या. दुसरं, पाठीवरच्या मशीनला लवचीक शाफ्ट असतो. दांडा वर केला की तो जास्त वाकतो, आतली केबल तापते आणि तुटते. हे जोडकाम बाजूला लटकवायच्या, सरळ शाफ्टच्या मशीनलाच शोभतं. स्वस्त मुंडक्यात गिअरला ग्रीस नावापुरतंच असतं. वापरण्याआधी बाजूचा स्क्रू काढून ग्रीस भरा, आणि पुढे दर 20-25 तासांनी पाहत राहा. चेनच्या तेलाची टाकी ठेवल्या जागी गळते, म्हणून काम संपलं की रिकामी करा.

केशर आंब्याची किंवा चिंचेची मोठी बाग असेल, दरवर्षी काढणीनंतर आठवडाभर छाटणी चालत असेल, तर मात्र लांब होणाऱ्या दांड्याचं पेट्रोल मशीनच. श्टीलचं एचटी 103 या वर्गातलं आहे: 31.4 सीसी, 7.2 किलो, लांबी 2.7 ते 3.9 मीटर. दणकट आहे, सांध्यात खेळ कमी. एक-दोन झाडांसाठी एवढा पैसा अडकवणं मात्र शहाणपणाचं नाही. त्यापेक्षा हाताची पोल करवत घ्या किंवा भाड्याने मशीन आणा.

टू-स्ट्रोक इंजिनाच्या पेट्रोलमध्ये मिसळायच्या तेलाचं प्रमाण कंपनीने सांगितलं तेच. 50:1 म्हणजे लिटरला 20 मिलिलिटर, 25:1 म्हणजे 40. ‘थोडं जास्त टाकलं की इंजिन टिकतं’ हा समज सायलेन्सर काजळीने बुजवतो. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता 20 टक्के इथेनॉल आहे. ते ओलावा ओढतं, कार्बोरेटरचा पडदा आणि रबरी नळी कडक करतं. दिवाळीला टाकीत राहिलेलं पेट्रोल उन्हाळ्यात मशीन सुरू होऊ देत नाही. ठेवण्याआधी टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा.

चेनवर तीन आकडे महत्त्वाचे: पिच (कड्यांमधल्या अंतराचं माप), गेज (पट्टीच्या खाचेत बसणाऱ्या कड्यांची जाडी) आणि ड्राइव्ह लिंकची, म्हणजे त्याच कड्यांची, संख्या. 3/8 लो प्रोफाइल चेन तालुक्याच्या गावीही मिळते आणि तिला 4 मिलिमीटरची गोल कानस चालते. 10 इंची पट्टीला बहुधा 39 किंवा 40 लिंक येतात. एका लिंकचा फरकही चालत नाही, म्हणून मोजूनच घ्या. 1/4 पिचची चेन बारीक आणि सफाईदार कापते, पण तिला 3.2 मिलिमीटरची कानस लागते आणि ती जिल्ह्याच्या ठिकाणाहूनच आणावी लागते. आपल्या भागात सालीवर धूळ बसलेली असते, ती धार खाते. भुशाऐवजी पिठासारखी पूड पडू लागली की चेन बोथट झाली. तेव्हा दांडा जोराने दाबू नका, प्रत्येक दात्यावर 30 अंशांत दोन-तीन वेळा कानस फिरवा. चेनला जळकं इंजिन ऑइल घालू नये. त्यातला धातूचा कीस पंप आणि पट्टी खातो, आणि तेच तेल आंब्याच्या ताज्या जखमेवर उडतं.

कापताना लांब फांदी एकदम बुडातून घेऊ नका. आधी शेंड्याकडून तुकडे पाडा. मग खोडापासून फूटभर अंतरावर खालून पाव जाडीची खाच, तिच्या दोन बोटं पुढे, शेंड्याच्या बाजूला, वरून काप. खालची खाच नसेल तर फांदी वजनाने तुटते आणि साल खोडापर्यंत सोलत नेते. लिंबाला ती जखम वर्षानुवर्षं भरत नाही. उरलेला खुंट शेवटी, बुडाशी असलेल्या फुगीर कड्याच्या बाहेरून काढा. चेन पूर्ण वेगात आल्यावरच लाकडाला लावा. चष्मा, हेल्मेट, कातडी हातमोजे बाभळीसाठी तरी हवेतच. फळझाडाच्या कापावर त्याच दिवशी बोर्डो पेस्ट लावा: 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 10 लिटर पाणी.

विजेच्या तारांजवळ यातलं कोणतंच मशीन वापरू नका. दांडा ॲल्युमिनियमचा असतो. फायबरचा असला तरी आत पोलादी शाफ्ट असतो. मोठ्या कंपन्यांच्या माहितीपुस्तिकेत तारांपासून 15 मीटर दूर राहायला सांगितलेलं असतं. बांधावरून 11 केव्हीची लाइन गेली असेल तर 1912 वर कळवा आणि महावितरणने पुरवठा बंद केल्याशिवाय त्या फांदीला हात लावू नका. छत्रपती संभाजीनगर, जालना, परभणी अशा महापालिका हद्दीत 1975 चा झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम लागू आहे. तिथे आपल्याच अंगणातल्या झाडाच्या छाटणीसाठीही आधी उद्यान विभागाकडे अर्ज करावा लागतो.

दुकानातून निघण्याआधी चेन आणि पट्टी जास्तीची मागा. ‘मागवून देतो’ असं उत्तर आलं, तर त्याच्या शेजारच्या दुकानात जा.