पेरूच्या ट्रिपचं बजेट काढून देणाऱ्या घंटाळीच्या मॅडम, आमचा अनुभव

सप्टेंबर २०२५ मध्ये पेरूला जाऊन आलो, मी, नवरा आणि आमच्या वन्सं, तिघंच. तेव्हापासून सोसायटीत, ऑफिसात, तलावपाळीवर चालायला येणाऱ्या ग्रुपमध्ये प्रत्येक जण एकच विचारतंय की किती आला खर्च आणि कुठल्या कंपनीतून गेलात. कंपनीतून गेलोच नाही. ठाण्याला नौपाड्यात घंटाळी देवीच्या देवळाजवळ एक मॅडम आहेत, त्या तिकीट विकत नाहीत, हॉटेल विकत नाहीत, टूर तर नाहीच नाही, फक्त तुम्हाला ट्रिपचं बजेट काढून देतात, कुठली गोष्ट कधी, कुठे आणि कुठल्या पैशात भरायची ते. दोन बैठका आणि एक एक्सेल शीट, फी ४५०० रुपये. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा नवरा म्हणाला नुसतं बजेट काढायचे साडेचार हजार? आता तोच सगळ्यांना त्यांच्याकडे पाठवतोय. नाव टाकू नका असं त्यांनी सांगितलंय कारण त्या एकट्याच बघतात सगळं आणि एका वेळी चार-पाच कुटुंबांच्या वर घेत नाहीत, तेव्हा नाव नाही लिहीत, पण अनुभव सगळा लिहिते.

आधी हे सांगते की आम्ही त्यांच्याकडे का गेलो. पेरूतलं माचू पिचू बघायचं हे माझ्या डोक्यात शाळेपासून होतं, भूगोलाच्या बाईंनी एकदा कॅलेंडरवरचं चित्र दाखवलं होतं, ढगात असलेलं दगडी गाव, ते काही डोक्यातून गेलं नाही. मुलगा अमेरिकेत शिकतो म्हणून आम्हा तिघांकडे अमेरिकेचा व्हिसा आहे, आणि अमेरिका, कॅनडा, युके, ऑस्ट्रेलिया किंवा शेंगेन यातला व्हिसा किमान सहा महिने शिल्लक असेल तर भारतीय पासपोर्टला पेरूचा वेगळा व्हिसा लागत नाही. ही सवलत २०१७ पासून आहे आणि हे आम्हाला कळलं तिथेच अर्धा निर्णय झाला. मग एका टूर कंपनीत विचारलं तर माणशी ४,२५,००० रुपये, ११ दिवस. तिघांचे १२,७५,०००. वर ५ टक्के जीएसटी, आणि त्याच्याही वर टीसीएस, म्हणजे विकणारा सरकारसाठी आगाऊ कापून घेतो तो टॅक्स. टीसीएसबद्दल काउंटरवरच्या मुलाने शेवटी शेवटी सांगितलं. आम्ही गेलो त्या वर्षी परदेशी टूर पॅकेजवर पहिल्या १० लाखांवर ५ टक्के आणि त्याच्या वरच्या रकमेवर २० टक्के असा हिशोब होता, म्हणजे एकाच नावावर बिल केलं तर आमचे लाखाच्या वर रुपये नुसते टीसीएसमध्ये. ते रिटर्न भरल्यावर मिळतात किंवा टॅक्समध्ये वळते होतात हे खरं, पण तोवर एवढी रक्कम अडकून पडते ना, आणि रिटायर झालेल्या माणसाला ते परवडत नाही. वन्सं रिटायर आहेत.

मॅडमनी पहिल्या बैठकीत हेच आधी समजावलं. पॅकेज घेतलं तर टीसीएस पहिल्या रुपयापासून, पण विमान एकीकडून, हॉटेल दुसरीकडून, रेल्वे तिसरीकडून असं सुटं सुटं स्वतः बुक केलं तर ते पॅकेज होत नाही, आणि फिरण्यासाठी फॉरेक्स, म्हणजे परकीय चलन घेतलं तर वर्षाला माणशी १० लाखापर्यंत टीसीएस नाही. नियम दर बजेटमध्ये बदलतात म्हणून जायच्या वर्षीचा नियम सीएला विचारा हेही त्याच म्हणाल्या.

मग त्यांची शीट. मला सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट हीच. आपण बजेट करताना काय करतो, विमान एवढं, हॉटेल एवढं, खाणं एवढं अशी यादी. त्यांच्या शीटमध्ये प्रत्येक खर्चाला तीन कॉलम आहेत, रुपये, डॉलर आणि सोल, म्हणजे पेरूचं चलन. इथून निघायच्या आधी रुपयात किती जाणार, डॉलरमध्ये किती द्यावे लागणार आणि हातात सोल किती लागणार, असं वेगळं वेगळं. कारण पेरूत गंमत अशी आहे की काही गोष्टींचा भाव डॉलरमध्येच असतो, माचू पिचूची ट्रेन डॉलरमध्ये, तिथून वर जायची बस जाऊन-येऊन २४ डॉलर, आणि बाहेरची टॅक्सी, बाजार, जेवण, टॉयलेटचा एक सोल हे सगळं रोख सोलमध्ये. आम्ही होतो तेव्हा डॉलरला साधारण साडेतीन सोल मिळत होते आणि डॉलर ८८ रुपयांच्या आसपास होता, म्हणून वन्संनी पहिल्याच दिवशी सोलला पंचवीसने गुणायचं असं ठरवलं आणि शेवटपर्यंत तेच चाललं.

दुसरी गोष्ट म्हणजे बुकिंगचा क्रम. आपल्याला वाटतं आधी विमान. मॅडम म्हणाल्या आधी माचू पिचूची तारीख बघा, तिकिटं कुठल्या दिवशीची शिल्लक आहेत ते, मग ट्रेन, मग लिमा-कुस्को विमान, म्हणजे राजधानीपासून माचू पिचूच्या बाजूच्या शहरापर्यंतचं, आणि शेवटी मुंबईहून जायचं. तिथे दिवसाला ठराविकच माणसं सोडतात, प्रवेशाची वेळ ठरलेली असते, आणि २०२४ पासून आत फिरायचे तीन सर्किट, म्हणजे ठरलेले मार्ग केलेत, त्यातही पोटमार्ग. आपल्याला जो फोटो माहितीय तो आणि खाली गावातून फिरणं दोन्ही हवं असेल तर सर्किट २, आणि तेच सगळ्यात आधी संपतं. आम्ही मे महिन्यात सरकारी साइटवरून २२ सप्टेंबरचं घेतलं, मोठ्या माणसाला १५२ सोल, म्हणजे माणशी ३८०० रुपये. आमचं एक कार्ड त्या साइटवर चाललंच नाही, दुसऱ्याने झालं. पासपोर्टवर जसं नाव तसंच तिकिटावर लागतं हे त्यांनी तीनदा बजावलं होतं. हे तिकीट हातात आल्यावरच आम्ही केएलएमचं अ‍ॅमस्टरडॅमवरून लिमा घेतलं, माणशी १,३८,०००. एकूण खर्चातला निम्म्याहून जास्त खर्च तेवढाच आहे, बाकी पेरू आत गेल्यावर तसं महाग नाही.

कुस्को साधारण ३४०० मीटरवर आहे आणि लिमा समुद्रकाठी, म्हणजे सव्वा तासात तुम्ही मुंबईच्या उंचीवरून लेहच्या जवळपास जाता. आमच्या पॅकेजवाल्याच्या प्लॅनमध्ये उतरल्या दिवशीच कुस्कोत सिटी टूर होती. मॅडमच्या शीटमध्ये पहिल्या दिवशी कुस्कोत हॉटेलच नव्हतं, विमानतळावरून सरळ टॅक्सीने ओयांतायतांबोला, ते २८०० मीटरच्या आसपास आहे. टॅक्सीचे १३० सोल धरले होते, १४० लागले. तिथे दोन रात्री काढल्या, वन्संना पहिल्या दिवशी थोडं डोकं जड झालं तेवढंच, कोकाच्या पानांचा चहा घेतला आणि झोपल्या. ट्रेनही तिथूनच निघते, त्यामुळे कुस्कोहून मागे-पुढे करायचा खर्चही वाचला. पेरूरेल आणि इंका रेल अशा दोन कंपन्या आहेत, स्थानिकांची स्वस्त ट्रेन परदेशी माणसाला मिळत नाही, आम्हाला एका बाजूचे माणशी ७५ डॉलर पडले, तिघांचे जाऊन-येऊन ४५०. महाग आहे, त्याला इलाज नाही. जे तरुण आहेत ते व्हॅनने हिद्रोइलेक्त्रिका नावाच्या ठिकाणापर्यंत जाऊन पुढे रुळांच्या कडेने दहा-अकरा किलोमीटर चालत जातात, ते फार स्वस्त पडतं, पण व्हॅनमध्येच सहा-सात तास जातात. मॅडमनी आमची वयं विचारून ते शीटमध्ये घेतलंच नाही, बरं केलं.

आणि एक गोष्ट जी कुठल्याही टूरवाल्याने सांगितली नव्हती. पेरूत हॉटेलच्या भाड्यावर १८ टक्के टॅक्स आहे पण परदेशी पर्यटकाला तो माफ असतो, पासपोर्ट आणि देशात आल्याची नोंद दाखवायची. लिमाच्या एका हॉटेलने बिलात तो लावला होता, मी शीटमधली ओळ बघून पासपोर्ट पुढे केला, त्यांनी काही न बोलता बिल बदलून दिलं. चार रात्रींचे साडेतीन हजाराच्या वर वाचले, म्हणजे मॅडमची बरीचशी फी तिथेच वसूल.

पैसे नेण्याबद्दल. सोल आपल्याकडे मिळत नाहीत असंच धरून चाला, डॉलर न्यायचे आणि तिथे कासा दे कांबियो म्हणतात त्या दुकानात बदलायचे. नोटा कोऱ्या हव्यात. आम्ही ठाण्यातल्याच एका मनी चेंजरकडून घेतल्या, त्यात एका शंभराच्या नोटेला कडेला इतकुशी चीर होती, ती कुस्कोत तीन दुकानांनी परत केली आणि शेवटी तशीच घरी आली. मोजून घेताना प्रत्येक नोट उजेडात धरून बघा, घाई करू नका. फॉरेक्स कार्डवर डॉलर भरले तरी खर्च सोलमध्ये होतो म्हणून बँक वर टक्केवारी कापते, तेही शीटमध्ये धरलेलं होतं. दुकानातल्या मशीनने सोल की डॉलर विचारलं तर सोलच सांगायचं. एटीएमची फी मात्र त्यांनी कमी धरली होती, तिथलं एटीएम दर वेळी २०-३० सोल कापतं आणि एका वेळी रक्कम फार देत नाही, आम्ही चार वेळा काढले म्हणजे अडीच हजार रुपये नुसते फीत गेले. हे मी त्यांना परत आल्यावर सांगितलं आणि त्यांनी समोर बसून शीटमध्ये बदललं.

खाण्याचा अंदाज तर चांगलाच चुकला आणि शाकाहारी लोकांनी हे नीट वाचा. तिथे दुपारी मेनू देल दिया म्हणून मिळतं, सूप, मुख्य डिश, एक पेय, १५ सोलपर्यंत, पोट भरतं, पण त्यात चिकन नाहीतर मासा असतोच आणि सूपसुद्धा कोंबडीच्या पाण्यातलं. मॅडमनी दिवसाला माणशी ४५ सोल धरले होते, नवरा मासे खातो त्याचं त्यात मस्त भागलं, वन्संना आणि मला नाही. शाकाहारी रेस्टॉरंट शोधून जायचं तर एका वेळेला ३५-४० सोल. खाण्यावर ४७,००० धरले होते तिथे ६६,००० गेले. शुद्ध शाकाहारी आहात हे पहिल्या बैठकीतच ठासून सांगा, त्या आपणहून विचारत नाहीत, निदान आम्हाला विचारलं नव्हतं.

पण यातच एक छान झालं. २२ तारखेला घटस्थापना होती, म्हणजे नेमका माचू पिचूचा दिवस, आणि वन्संचे नऊ दिवसांचे उपवास. आम्ही पितृपक्षात निघालो म्हणून सासूबाई आधीच नाराज होत्या, त्यात हे, घट डोंबिवलीला जाऊबाईंकडे बसतात म्हणून तेवढी तरी काळजी नव्हती. मला वाटलं वन्संचे हाल होणार. तर कुस्कोच्या सान पेद्रो मार्केटमध्ये शिरलो आणि समोर पोतंभर फुललेला राजगिरा! तिथे त्याला किविचा म्हणतात. शेजारी शेंगदाणे, रताळी, आणि बटाटे तर जांभळे, पिवळे, लाल, बोटाएवढे, मुठीएवढे, त्या देशात तीन हजारावर जाती आहेत म्हणतात. बटाटा, शेंगदाणा, राजगिरा, साबुदाण्याचा कंद, आपल्या उपवासाचं अर्धं ताट मुळात मध्य आणि दक्षिण अमेरिकेतून आलंय. वन्सं त्या बाजारात अशा वावरत होत्या जशा काय जांभळी नाक्याला भाजी घ्यायला आल्यात. उकडलेले बटाटे, शेंगदाणे, फळं, दिवसाला १२-१५ सोलमध्ये त्यांचं भागायला लागलं, शेवटच्या दिवसांत खाण्याचा खर्च खाली आला तो त्यामुळे.

आणखी एक कमी राहिली ती सामानाची. लिमा-कुस्को विमानाचं भाडं शीटमध्ये फक्त हँडबॅगचं होतं, मोठ्या बॅगांचे पैसे आम्हाला विमानतळावर भरावे लागले आणि तिथे ते जास्तच लावतात. तिकीट काढतानाच बॅग घ्या. ट्रेनमध्ये तर लहान बॅगच चालते, मोठ्या बॅगा ओयांतायतांबोच्या हॉटेलात ठेवून गेलो, हे मात्र लिहिलेलं होतं.

अडीनडीची रक्कम म्हणून त्यांनी ६०,००० रुपये वेगळे काढायला लावले होते, मला ते जास्त वाटले होते. आम्ही लिमात पोचलो त्याच सुमाराला माचू पिचूच्या बसच्या कंत्राटावरून आंदोलन पेटलं, रूळ अडवले, ट्रेन बंद, पर्यटक अडकून पडल्याच्या बातम्या. रात्री झोप लागली नाही खरं सांगते, इतक्या वर्षांची इच्छा आणि दारात येऊन परत जावं लागतंय की काय. इथे ठाण्यात सकाळ झाली होती, साडेदहा तासांचा फरक, मॅडमना मेसेज केला. एरवी त्यांचं उत्तर यायला दिवस-दीड दिवस लागतो, ही त्यांच्याबद्दल माझी तक्रारच आहे, पण त्या दिवशी वीस मिनिटांत फोन आला. म्हणाल्या, तुमची तारीख आठवडाभर लांब आहे, पाराकासचं ठरल्याप्रमाणे करून या, आणि गरज पडली तर कुस्कोत दोन रात्री वाढवायचे पैसे तुमच्याकडे आहेतच. आम्ही पाराकासला बोटीतून बायेस्तास बेटांवरचे पेंग्विन आणि सी लायन बघून आलो तोवर ट्रेन सुरू झाली होती. २२ ला सकाळी धुकं होतं, नंतर विरलं, आणि कॅलेंडरवरचं ते गाव समोर. वन्संनी तिथेच हात जोडले.

पिवळ्या तापाच्या लसीचं विसरू नका, पेरूहून भारतात परत येताना ते कार्ड लागतं, नाहीतर क्वारंटाइन करू शकतात. निघायच्या किमान १० दिवस आधी घ्यावी लागते, एकदा घेतली की जन्मभर चालते, साठीच्या वरच्यांनी आधी डॉक्टरांना विचारायचंच. आम्ही वन्संसाठी विचारूनच घेतली.

शीटमध्ये राखीव धरून ७,४०,००० होते, प्रत्यक्षात ७,१२,००० लागले, तिघांचे, १४ रात्री. माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा खाण्याच्या अंदाजाचा आणि मेसेजच्या उशिराचा कापला. जाणार असाल तर सोमवारी त्या बंद असतात, गाडी नेऊ नका, त्या गल्लीत पार्किंग मिळत नाही, स्टेशनवरून चालत दहा-बारा मिनिटं. पासपोर्ट, व्हिसाची झेरॉक्स आणि कोण काय खातं काय खात नाही हे एका कागदावर लिहून न्या. जिने अरुंद आहेत, पहिला मजला, झेरॉक्सच्या दुकानाच्या वर.