धुराचा झेंडा की उन्हावर चालणारी वेबसाइट?

हवामानबदलावरच्या डिजिटल प्रदर्शनात एकाच मोठ्या कलाकृतीपुरते पैसे असतील, तर मी दोन कामं शेजारी ठेवून बघेन. एक जॉन जेरार्डचं ‘वेस्टर्न फ्लॅग’ (२०१७) आणि दुसरं टेगा ब्रेन, ॲलेक्स नेथनसन व बेनेडेटा पियांतेला यांचं ‘सोलर प्रोटोकॉल’.

‘वेस्टर्न फ्लॅग’मध्ये टेक्सासमधलं स्पिंडलटॉप दिसतं. १९०१ साली इथल्या विहिरीतून तेलाचं कारंजं उसळलं होतं. कलाकृतीत त्या ओसाड जमिनीवर एक खांब उभा आहे आणि त्याच्या टोकातून सुटणारा काळा धूर झेंड्यासारखा फडफडत राहतो. हा व्हिडिओ नव्हे. संगणक प्रत्येक चित्र त्याच क्षणी घडवतो, म्हणून त्याला सुरुवात नाही की शेवट नाही. लंडनच्या सॉमरसेट हाउसच्या अंगणात ते एलईडी भिंतीवर लागलं होतं. येणाऱ्याजाणाऱ्याला काही समजावून सांगावं लागत नाही, हे त्याचं खरं बळ.

अडचण विजेची. देशातली बहुतांश वीज अजून कोळशाची, आणि खनिज तेलावर बोट ठेवणारी भिंत त्याच विजेवर पेटवायची, हे मला बोचतं. पण एक गोष्ट आपल्या पथ्यावर पडते. कलाकृतीतला सूर्य टेक्सासच्या घड्याळाप्रमाणे उगवतो. उन्हाळ्यात मुंबईत संध्याकाळचे सात वाजतात, तेव्हा तिथे सकाळचे साडेआठ असतात. आपल्या भर दुपारी तिथे मध्यरात्र उलटलेली असते. म्हणजे दिवसा भिंत चालू ठेवून प्रेक्षकाला अंधारच दिसणार. कलाकाराची संमती घेऊन फक्त सातनंतर दाखवा: चित्र उजळ दिसेल, वीजही वाचेल.

‘सोलर प्रोटोकॉल’ याच्या अगदी उलट. जगभर स्वयंसेवकांनी सांभाळलेले छोटे सर्व्हर, म्हणजे वेबसाइट लोकांपर्यंत पोचवणारे संगणक, प्रत्येकाला सौर पॅनेल आणि बॅटरी. ज्याच्याकडे त्या वेळी सर्वांत जास्त ऊन, तो वेबसाइट पुरवतो. इथे ऊर्जा हा विषय राहत नाही, कामच तिच्यावर उभं राहतं. विचार म्हणून मला हे जास्त खोल वाटतं. मात्र दालनात नुसता ब्राउझर उघडून ठेवलात तर लोक दहा सेकंदांत पुढे जातील. शेजारी पॅनेल-बॅटरीची उघडी जोडणी मांडा आणि समजावणारा माणूस ठेवा. तो नसेल तर हे काम घेऊच नका.

चौक, वर्दळ आणि थोडे दिवस असतील तर ‘वेस्टर्न फ्लॅग’. कॉलेज, कार्यशाळा आणि महिनोन्‌महिने चालणारा कार्यक्रम असेल तर ‘सोलर प्रोटोकॉल’. माझ्या हातात असतं तर मी दुसरं निवडलं असतं, कारण विद्यार्थी तसाच सर्व्हर स्वतः जोडून बघू शकतात.

करार करताना पहिल्यासाठी राखीव संगणक आणि सॉफ्टवेअर दुरुस्तीची जबाबदारी लिहून घ्या. दुसऱ्यासाठी प्रायोजकांना आधीच सांगा की ऊन नसेल तेव्हा पान बंद पडू शकतं, आणि ते तसंच दाखवायचं आहे.