कामाकुरा की तोमोनोउरा: निवांत मुक्कामासाठी कोणते गाव?

जपानच्या समुद्रकाठच्या एखाद्या जुन्या गावात दोन-तीन दिवस निवांत काढायचे ठरले, की कामाकुराचे नाव आधी पुढे येते, आणि ते रास्तच आहे. मिनामोतो योरितोमोने उभी केलेली पहिली शोगुनशाही, म्हणजे लष्करी सेनापतींची राजवट, येथे १३३३पर्यंत नांदली. केंचोजी (१२५३) आणि एन्गाकुजी (१२८२) ही झेन मंदिरे त्याच काळातली, आणि उघड्या आकाशाखाली बसलेल्या कांस्य महाबुद्धासमोर मन खरोखरच शांत होते. शाकाहारी माणसाचीही तिथे तुलनेने सोय होते, कारण झेन मठांच्या परंपरेतले भाज्या-टोफूचे जेवण मिळू शकते. तोमोनोउरात मात्र ताट माशांभोवतीच फिरते, हे आधीच सांगायला हवे.

असे असूनही माझे मन कामाकुरावरून उतरले, ते एका गोष्टीमुळे. जूनमध्ये, हायड्रेंजिया फुलण्याच्या दिवसांत, मी हासे स्थानकाच्या अरुंद फलाटावर उभा होतो. किनाऱ्याने जाणारी ती छोटी गाडी आली आणि माणसांनी भरून गेली, दुसरीही तशीच गेली. गर्दीचा दोष कोणाला देणार? टोकियो तासाभरावर आहे, लोक येणारच. पण त्या अर्ध्या-पाऊण तासात मी किती वेळा घड्याळ पाहिले! मंदिरांची दारे पाचच्या सुमारास बंद होणार म्हणून पुढचे मंदिर धावतपळत पाहिले आणि त्याच्या बागेतले आता काहीही आठवत नाही.

तोमोनोउराला हिरोशिमा प्रांतातल्या फुकुयामा स्थानकावरून बसने अर्धा तास लागतो. सेतो अंतर्गत समुद्रात पूर्वेकडून आणि पश्चिमेकडून येणारी भरती या गावासमोर एकमेकींना भेटते. शिडाची गलबते भरतीबरोबर इथवर येत, पाणी फिरेपर्यंत बंदरात थांबत आणि ओहोटीबरोबर पलीकडे निघून जात. म्हणजे हे गाव वसले तेच थांबण्यासाठी. कोरियाचे राजदूत फुकुझेन्जी मंदिरात उतरत, आणि १७११मध्ये त्यांच्यापैकी एकाने तिथल्या देखाव्याला जपानमधला सर्वोत्तम देखावा म्हटले होते. बंदरात भराव घालून पूल बांधण्याची योजना होती, तिच्याविरुद्ध रहिवासी न्यायालयात गेले आणि २००९मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला; आज बंदर जसेच्या तसे दिसते ते त्यामुळे.

१८५९च्या दगडी दीपस्तंभाजवळ घाटासारख्या पायऱ्या थेट पाण्यात उतरतात. सकाळी मी तिथे बसलो तेव्हा खालच्या पायऱ्या बुडालेल्या होत्या. मागच्या गल्लीत होमेइशु चाखली. हे सोळा वनौषधींचे गोड मद्य येथे १६५९पासून बनते, आणि दालचिनीच्या वासाच्या त्या दाट घोटाने मला घरच्या आसवाची आठवण झाली. दुपारी परत आलो तर शेवाळाने हिरव्या झालेल्या पाच-सहा पायऱ्या वर आल्या होत्या, त्यांच्यावर पाणी अजून निथळत होते. त्या दिवशी घड्याळ खोलीवरच राहिले होते.

टोकियोतून एकच दिवस काढता येत असेल, किंवा झेन मंदिरे हाच मुख्य ओढा असेल, तर कामाकुराच घ्यावे, शक्यतो आठवड्याच्या मधल्या वारी आणि सकाळी लवकर. दोन रात्री हाताशी असतील, तर माझ्या मते तोमोनोउराला जावे, रात्रीचे जेवण मुक्कामाच्या ठिकाणीच आधी सांगून ठेवावे, आणि त्या दिवशीच्या ओहोटीची वेळ तेवढी विचारून घ्यावी.