आयआर २११० : कागदावर १२०, माझ्या टेबलावर १२८

म्हापशात इन्व्हर्टर दुरुस्त करतो. पावसात वीज गेली की फोन थांबत नाही, तरी सवड काढून हाफ-ब्रिजवर (एकापाठोपाठ जोडलेले दोन मॉसफेट, म्हणजे स्विचसारखे ट्रान्झिस्टर) आयआर २११० हा गेट ड्रायव्हर, म्हणजे त्यांना चालू-बंद करणारी चिप, लावला. डेटाशीटमध्ये इशारा मिळाल्यापासून चालू व्हायला १२० नॅनोसेकंद उशीर, बंद व्हायला ९४. माझ्या ऑसिलोस्कोपवर १२८ आणि १०१ दिसले. प्रोबची ग्राउंड वायर जरा लांबच होती म्हणा. बंद लवकर होतो ते बरं, दोन्ही मॉसफेट एकदम चालू राहायची भीती कमी. डेड टाइम (दोन्ही बंद असण्याची मधली फट) मात्र मी वेगळा ठेवलाच. ५० किलोहर्ट्झला झकास. ५०० ला अख्खं आवर्तन २ मायक्रोसेकंदांचं, तिथे हा उशीर बोचतो. गॅन (गॅलियम नायट्राइड) ट्रान्झिस्टरसाठी तर घेऊच नका. त्याच्या गेटला ५-६ व्होल्ट पुरतात, याला किमान १० लागतात.