स्वस्तातली जुनी शाईपेनं : नाव नंतर वाचा, आधी उघडून बघा

मागच्या पावसाळ्यापासून मी जुन्या शाईपेनांनीच लिहितोय. हजेरीपट, टाचणवही, पोरांच्या वह्या, बँकेचे फॉर्म, सगळं. जळगावला फुले मार्केटच्या आसपास, धुळ्याला आग्रा रोडच्या बाजूला आणि इथे भुसावळला भंगारवाल्यांकडे जमेल तशी गोळा केलेली ही पेनं. त्यात एकही महागडं नाही. बहुतेकांचं नाव झिजलेलं, काहींची क्लिप दुसऱ्याच पेनची. पूर्ण उन्हाळा काढल्यावर मगच लिहायचं असं ठरवलं होतं, कारण आपल्याकडच्या मे महिन्यात जे पेन खिशात टिकतं तेच खरं.

जुनं पेन हातात आलं की लोक आधी क्लिप बघतात. पार्करचा बाण दिसला की भाव दुप्पट. मी म्हणतो, क्लिप राहू द्या, पेनची नळी फिरवून उघडा. शाई आत जाते कशी, यावरून पेनचा काळ, त्याची जात आणि आज ते चालेल की नाही, हे सगळं कळतं. नाव कोणीही छापतो. भुसावळच्या एका आबांनी मला एक पेन देताना "भलतं जुनं शे भाऊ, पन चालस" एवढंच सांगितलं, कंपनी सांगितलीच नाही. ते पेन आजही चालतंय.

नळी उघडली आणि आत काहीच नसलं, नुसती पोकळी, तर ते ड्रॉपरचं पेन. आपल्या देशात ही जात सगळ्यांत जास्त सापडते. हैदराबादचं डेक्कन 1928 पासूनचं, राजमुंद्रीचं रत्नम 1932 पासूनचं, शिवाय मुंबईची विल्सन आणि इतर छोटे कारखाने. लेथवर कातलेलं एबोनाइटचं, म्हणजे कडक केलेल्या रबराचं पेन आणि साच्यात ओतलेलं प्लॅस्टिकचं पेन यातला फरक बोटाला कळतो. साच्यातल्या पेनवर लांबीच्या दिशेने बारीक जोडरेघ असते, कातलेल्यावर नसते. अंगठ्याने जोरात घासून वास घ्या. गंधकासारखा उग्र दर्प आला तर एबोनाइट. उन्हात राहिलेलं काळं एबोनाइट तपकिरी-हिरवट पडतं, तेही ओळखीचं लक्षण. कापरासारखा वास आला तर सेल्युलॉइड, म्हणजे जुन्या जातीचं प्लॅस्टिक समजा आणि ते गॅसच्या शेगडीजवळ नेऊ नका, पटकन पेटतं. काडी लावून परीक्षा घेणारे महाभाग मी पाहिलेत, म्हणून सांगतो.

ड्रॉपरच्या पेनात शाई मावते भरपूर, दोन-तीन मिली सहज. सहामाहीचे पेपर तपासताना मला मधे उठून दौत शोधावी लागली नाही. भरणंही सोपं: निबचा भाग काढायचा, ड्रॉपरने नळीत शाई सोडायची, आट्यांना सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात लावायचा आणि घट्ट बसवायचं. ग्रीस नसेल तर आट्यांतून शाई पाझरून मधलं बोट निळं होतं. व्हॅसलीन नको, ते पेट्रोलियमचं असतं आणि पुढे त्याच पेनात कुठे रबर असेल तर ते खातं.

आता उन्हाळा. पारा पंचेचाळिसाला टेकला की ड्रॉपरचं पेन रंग दाखवतं. नळी भरलेली असते तोवर काही नाही. शाई निम्म्यावर आली की उरलेल्या जागेत हवा असते, ती हाताच्या आणि उन्हाच्या उबेने फुगते आणि शाईला निबमधून बाहेर ढकलते. लिहिता लिहिता भला मोठा थेंब कागदावर. एसटीच्या खिडकीशी बसून यावलला जाताना खिशातल्या पेनच्या टोपणात शाईचं तळं झालेलं मी पाहिलंय. पेनचा दोष नाही, हवेचा धर्म आहे. इलाज दोनच: निम्म्यावर यायच्या आत पुन्हा भरा, आणि प्रवासात निब वर करून ठेवा. एबोनाइट प्लॅस्टिकपेक्षा हाताची ऊब सावकाश आत पोचवतं असं मला वापरून वाटलं, पण मे महिन्यापुढे तेही हरतं.

नळीखाली पत्र्याची डबी आणि तिच्यावर दाबायची पट्टी दिसली तर तुमचं नशीब चांगलं. पार्करने 51 या मॉडेलमध्ये ही पद्धत 1948 मध्ये आणली, त्याच वर्षी स्वस्त भाऊ म्हणून 21 काढलं. शांघायच्या हिरो कंपनीने तोच घाट उचलला आणि आपल्याकडे '616' घरोघर गेलं. निब पुढच्या आवरणाखाली लपलेली, फक्त टोक बाहेर. याला आपल्याकडे आजही 'चायनाचं पेन' म्हणतात, आणि तुच्छतेने नाही.

हे पेन भरताना लोक पट्टी एकदा दाबून सोडून देतात आणि मग म्हणतात, दोन पानांत संपतं. आत रबराच्या किंवा पारदर्शक ट्यूबमध्ये एक बारीक नळी उभी असते. पहिल्यांदा पट्टी दाबली की हवा बाहेर पडते, सोडली की शाई त्या नळीतून वर चढून ट्यूबमध्ये पडते. पण वर हवा अजून शिल्लक असते. दुसऱ्या दाबाला तीच उरलेली हवा त्या नळीच्या वरच्या तोंडातून निघते आणि आणखी शाई येते. म्हणून निब पूर्ण बुडवून पाच-सहा वेळा दाबायचं, दर वेळी सोडल्यावर चार-पाच सेकंद थांबायचं, दौतीतले बुडबुडे बंद झाले की झालं. शेवटी निब पुसायची, टीपकागद असेल तर उत्तम, नाहीतर जुनं धोतर. माझं 616 अख्खा एप्रिल-मे खिशात होतं. गळलं नाही, कारण ट्यूबभोवतीची डबी आणि बाहेरची नळी मिळून हाताची ऊब शाईपर्यंत लवकर पोचू देत नाहीत.

विकत घेण्याआधी पट्टी एकदा दाबून बघाच. ट्यूब दबून परत फुगली तर ठीक. करकरली तर रबर मेलंय.

पार्कर 45 दिसलं तर घ्या, घासाघीस करा पण सोडू नका. 1960 मध्ये आलेलं हे मॉडेल कार्ट्रिज (शाई भरलेली तयार नळकांडी) किंवा कन्व्हर्टर (दौतीतून शाई ओढणारी, पुन्हा पुन्हा भरायची नळकांडी) दोन्हीवर चालतं, आणि आजही दुकानात मिळणारा पार्करचा कन्व्हर्टर त्यात बसतो. निब फिरवून बाहेर निघते, धुवायला सोपी. 1987 नंतरच्या पार्कर पेनांवर तारखेची खूणही असते: क्यू, यू, ए, एल, आय, टी, वाय, पी, ई, एन ही दहा अक्षरं शून्य ते नऊ या आकड्यांसाठी, शेजारच्या उभ्या रेघा तिमाहीच्या. टी असेल तर वर्षाचा शेवटचा आकडा पाच. दशक मात्र मॉडेलवरून ठरवावं लागतं.

बाजूला छोटा खटका असलेली पेनं दिसायला सगळ्यांत देखणी, आणि वापरायला सगळ्यांत त्रासदायक. आतली रबरी ट्यूब हमखास कडक झालेली असते. ती बदलता येते. ट्यूबचे नंबर इंचाच्या चौसष्टाव्या भागांत असतात, 16 नंबर म्हणजे 16/64 इंच. चिकटवायला सुताराकडची चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून वापरा. फेविक्विक लावलंत तर पुढच्या वेळी ते उघडणार नाही, तुटेल.

धुण्याचं सांगतो. आमच्याकडच्या बोअरचं पाणी जड, पेन वाळलं की निबखालच्या जिभेवर, म्हणजे शाई निबपर्यंत आणणाऱ्या पट्टीवर, पांढरी पुटं धरतात. मी इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी आणलेलं डिस्टिल्ड वॉटर वापरतो, त्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब. निबचा भाग वाटीत रात्रभर ठेवायचा. सकाळी तळाशी निळ्या दोऱ्यासारखी वाळकी शाई सुटत असते, ती संपेपर्यंत पाणी बदलत राहायचं. गरम पाणी एबोनाइटला नाही, रंग जातो. चित्रकलेची काळी वॉटरप्रूफ शाई आणि शिक्क्याची शाई कुठल्याही पेनात नाही. साधी कॅमलची रॉयल ब्ल्यू पुरते, चुकून सदऱ्यावर पडली तरी बऱ्यापैकी निघते.

माझा निकाल असा: रोजच्या खिशाला हिरो, टेबलावर बसून लिहायला एबोनाइटचं ड्रॉपर, कोणाला भेट द्यायचं तर पार्कर 45. खटक्याचं पेन हौस असेल तरच. आणि महिन्यातून दोनदा सही करण्यापुरतंच लिहीत असाल तर यातलं एकही घेऊ नका. शाई जिभेत वाळेल, तुम्ही पेन झटकाल, भिंतीवर डाग पडतील आणि शिव्या बिचाऱ्या भंगारवाल्याला बसतील.